‘म्हैस म्हणजे काय, मास्तर?’

रंगराव गेल्याला आता दोन महिने होत आले. सकाळी सातच्या सुमाराला त्याच्या मुलाचा, प्रकाशचा फोन आला. “काका, तात्या पहाटे गेले.” मी “बरं, येतो” म्हणून फोन ठेवला. मग चहा घेतला, पेपर वाचला, अगदी आतल्या पानावरच्या टेंडरच्या जाहिरातींसकट. बायको समोर उभी राहून बघत होती. शेवटी तीच म्हणाली, “अवो, जायचं न्हाय का?” तेव्हा उठलो. पन्नास वर्षांचा मित्र गेल्यावर माणसाला रडू यायला हवं, निदान हातातला कप खाली ठेवावासा तरी वाटायला हवा. मला काहीच झालं नाही, आणि का झालं नाही हे अजूनही कळत नाही. हा लेख मी त्याचं गुणगान करायला लिहीत नाही. त्याच्या आजारपणात मी त्याच्या घरच्यांना दोन सल्ले दिले. मराठीचा मास्तर, चार बुकं वाचलेला माणूस म्हणून त्यांनी दोन्ही ऐकले. ते बरोबर होते की चूक, एवढंच मला कळायला हवं आहे.

रंगराव मंगळवार पेठेतला, माझ्या लहानपणापासूनचा. घरी तीन पंढरपुरी म्हशी, बिजली, तांबडी आणि गौळण, आणि रोज संध्याकाळी चौकात कट्टा. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : म्हशी चौकात आणून बांधायच्या, गिऱ्हाईक आलं की त्याच्यादेखत धार काढायची आणि फेसासकट गरम ग्लास त्याच्या हातात द्यायचा. त्याला आम्ही दूधकट्टा म्हणतो. तालमीतले पैलवान, दुकानं बंद करून आलेले व्यापारी, शाळा सुटल्यावर मी, सगळे तिथे उभे. दूध हे निमित्त. खरं गिऱ्हाईक रंगरावाच्या तोंडाला होतं. समोरच्याची फिरकी घेतल्याशिवाय हा माणूस ग्लास भरत नसे. बदलून आलेला एक अधिकारी एकदा दूध ताजंच आहे ना असं विचारून बसला, तर हा म्हणाला, “सायेब, म्हशीची सही-शिक्का पायजे का?” आणि मला तर रोजच ऐकावं लागायचं. “मास्तर, पोरास्नी शिकवून दमलास की. आता जरा म्हशीला शिकव. ती मान तरी हलवती.” मला राग लवकर येतो, ते त्याला माहीत होतं, म्हणून माझ्या वाटणीला जरा जास्तच यायचं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट असेल. एका संध्याकाळी कुणीतरी दुधात साखर मागितली. रंगरावानं हात थांबवला, वर बघितलं आणि अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, “साखर म्हंजे काय?” कट्टा हसून हसून आडवा झाला. ऊस आणि गुळाच्या जिल्ह्यात हा प्रश्न! काय सोंग काढलंय, म्हणून आम्ही टाळ्या दिल्या. मग ते रोजचंच झालं. “मेव्हणा म्हंजे काय?” “छत्री म्हंजे?” एकदा तर, “पेठ म्हंजे काय रं?” जन्म पेठेत गेलेला माणूस. आम्ही बाहेरगावचे पाहुणे मुद्दाम घेऊन जायचो आणि म्हणायचो, याला काहीतरी विचारा, बघा काय उत्तर देतो. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात, मालक पुढे आणि म्हैस मागे. त्या वर्षी मी त्याला म्हणालो, पाडव्याची तयारी झाली का? तो म्हणाला, “पाडवा म्हंजे काय, मास्तर?” आणि दुसऱ्या दिवशी बिजलीच्या शिंगांना मोरपिसं बांधून असा पळाला की ती त्याच्या पाठोपाठ चौखूर. मग या माणसाला पाडवा कळत नाही असं कोण म्हणेल? आम्ही जवळजवळ वर्षभर हसलो. आम्ही हसलो की तो एकेकाच्या तोंडाकडे बघायचा आणि मग तोही हसायचा. ते बघणं मला आता आठवतं. तेव्हा दिसलं नव्हतं.

डोळे उघडले ते रंगरावाच्या बायकोनं, शालनवहिनींनी. त्या एके दिवशी दुपारी माझ्या घरी आल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. त्यांनी रंगरावाला कोथिंबीर आणायला पाठवलं होतं. तासाभरानं तो रिकामी पिशवी घेऊन आला आणि चुलीपाशी बसून रडायला लागला. मंडईत प्रत्येक बाईला विचारत होता म्हणे, कोथिंबीर म्हणजे काय. बायका हसल्या. मीही सवयीनं म्हणालो, वहिनी, त्याची थट्टा तुम्हाला ठाऊक नाही का? त्या म्हणाल्या, “भावजी, कट्ट्यावर माणसं असत्यात, तितं करतील थट्टा. घरात मी एकटी. माज्यासाठी कोण सोंग काढतंय?” तुमचा खेळ होतो पण आमचा जीव जातो, ही म्हण मी वर्गात किती वेळा समजावून सांगितली असेल…

मेंदूच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. त्यांनी फोटो काढायला लावले, तपासण्या केल्या आणि मग त्याच्यापुढे चित्रं मांडली. चमचा दाखवला, तो म्हणाला, “घरातलं काहीतरी.” बैल दाखवला, “जनावर.” म्हैस दाखवली. चांगली काळी, शिंगं वळलेली म्हैस. त्यानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, “कुत्रं आसंल.” मी त्याच्या शेजारी बसलो होतो. न राहवून म्हणालो, अरे, म्हैस ती. तर माझ्याकडे वळून त्यानं शांतपणे विचारलं, “म्हैस म्हंजे काय, मास्तर?” आणि त्या दिवशी संध्याकाळी तोच माणूस बिजलीच्या कासेला हात लावून सांगत होता की डाव्या बाजूचं एक थान जरा कडक लागतंय, उद्या शेकायला पाहिजे. डॉक्टरांनी मला समजावलं. कानशिलाच्या आतला मेंदूचा भाग झिजतोय आणि शब्दांचे, वस्तूंचे अर्थ तिथून निघून चाललेत. हा नेहमीचा म्हातारपणातला विसर नव्हे. काल काय घडलं ते त्यांना आठवेल, पायाखालची वाट ते चुकणार नाहीत, हातातलं काम बराच काळ राहील. जाईल तो अर्थ. मी मान डोलावली. मास्तर माणूस, कळलं नाही असं म्हणायची सवय नाही.

मग मी त्याला शिकवायला घेतलं. मला वाटलं, गेलेला शब्द परत घालता येईल, आपला धंदाच तो. रोज सकाळी त्याच्या घरी जायचो. तांब्या, वाटी, कंदील, कुलूप, एकेक वस्तू पुढे ठेवायची आणि घोकून घ्यायची. पंधरा दिवसांत त्याला तीस शब्द आले. मी मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. सोळाव्या दिवशी मी माझ्या घरचा तांब्या घेऊन गेलो, तर त्याला तो ओळखता येईना. त्याच्या घरचा, पोच पडलेला, तो तांब्या. माझा लखलखीत तांब्या म्हणजे काहीच नाही. मी चिडलो. चढ्या आवाजात म्हणालो, दोन्ही तांबेच की रे! त्यानं दोन्ही हातांत घेऊन बघितले आणि माझा तांब्या अपराध्यासारखा माझ्याकडे परत दिला. त्याच्यापाशी आता तांब्या नावाची गोष्ट उरली नव्हती, फक्त त्याचा तो एक तांब्या उरला होता. एवढं कळायला मला त्याच्यावर ओरडावं लागलं, याची लाज वाटते.

पहिला सल्ला त्यानंतरचा. गोठ्यात गोचिडाच्या औषधाचा डबा होता. एका सकाळी रंगराव तो डबा पेंडीत ओतायला निघाला आणि प्रकाशनं कसाबसा हातातून ओढून घेतला. घर हादरलं. मला बोलावणं आलं. मी म्हणालो, म्हशी काढा. आज म्हशीच्या तोंडात जाणार होतं, उद्या गिऱ्हाइकाच्या ग्लासात गेलं तर? वहिनी म्हणाल्या, “मग त्यांनी दिसभर करायचं काय, भावजी?” मी म्हणालो, आराम. उंटावरचा शहाणा तो हाच. राधानगरी रस्त्यावरच्या एका गावातल्या सदाशिव नावाच्या शेतकऱ्याला तिन्ही म्हशी दिल्या. बिजली परक्याच्या हातानं एक पाऊल हलेना, म्हणून शेवटी रंगरावच पुढे चालत गेला, त्याच्यामागे तिन्ही म्हशी आणि त्यांच्यामागे सदाशिव. अडीच-तीन तासांची वाट. पोचवून तो वडापच्या, म्हणजे वाटेत माणसं भरत जाणाऱ्या जीपनं परत आला, हातपाय धुतले आणि जेवला. मला हायसं वाटलं. विकणं म्हणजे काय, हे त्याला कळलं होतं की नाही, हे मात्र मी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तर कोणत्या शब्दात विचारलं असतं?

आठवड्यानं मी त्याला भेटायला घरी गेलो. तो सोप्यात बसला होता. मला बघून उठला, सतरंजी झटकली आणि म्हणाला, “या पावणं. कुठलं म्हणायचं?” मला आधी वाटलं, जुनी खोडी. मग त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत कट्ट्यावर मला “मास्तर” म्हणणारा माणूस! पण सकाळची शिकवणी सोडल्यापासून मी त्याला दिसायचो तो कट्ट्यावरच, त्याच खांबाला टेकून, त्याच वेळेला. तो कट्टा गेला, तसा त्याचा मास्तरही गेला. म्हणजे मीच स्वतःला त्याच्या डोक्यातून विकून टाकलं होतं की काय… हा विचार तेव्हापासून माझ्या मानगुटीवर बसला आहे आणि तो खरा की नुसता माझा अहंकार, तेही ठरवता येत नाही.

पुढे तो घरातून निघून जायला लागला. दुपारी डोळा चुकवून जायचा, संध्याकाळी पाय चिखलानं भरलेले घेऊन यायचा. कुठे गेला होतास, याला उत्तर नाही. दोनदा पेठेतल्या रिक्षावाल्यांना तो शहराबाहेर दिसला. त्यांनी उचलून घरी आणलं. दुसऱ्या वेळी त्यानं रिक्षावाल्याला मारलं, ज्यानं आयुष्यात म्हशीवर काठी उगारली नाही त्यानं. सगळे म्हणाले, वाट चुकतोय, एखाद्या ट्रकखाली जाईल. डॉक्टरांचं बोलणं मला आठवत होतं. तरी मी म्हणालो, ज्याला बायको म्हणजे काय कळत नाही, त्याला वाट काय कळणार? दाराला कुलूप घाला. हा दुसरा सल्ला. श्रावणात कुलूप घातलं. काही दिवस तो जेवण झालं की दारापाशी जाऊन कडी हलवत उभा राहायचा. मग बसायला लागला. मग उठेनासा झाला. माघात गेला.

पंधरवड्यापूर्वी वहिनी म्हणाल्या, “भावजी, बिजली कशी हाय, एकदा बघून या की. माजं मन होईना.” म्हणून गेलो. सदाशिवचा गोठा रस्त्यापासून आत, ओढ्याच्या काठाला. मी ओळख सांगितली, रंगराव वारल्याचं सांगितलं. त्याला काही नवल वाटलं नाही. म्हणाला, “व्हय, आमाला वाटलंच हुतं.” मी विचारलं, कसं काय?

“यायचे की ते. दोन-तीन दिसाला एकदा, चालत. पावसात बी. दुपारी यायचे, बिजलीची धार काढायचे, बादली माज्या हातात द्यायचे आन् चालाय लागायचे. एक अक्षार बोलायचे न्हाईत. च्या बी घ्यायचे न्हाईत.” त्यानं बिजलीजवळचा एक सपाट दगड दाखवला. “उकिडवं बसून त्यांचं गुडघं दुखायचं, म्हणून ह्यो आणून टाकला. आता मी बी हितंच बसतो. दुसरीकडं बसलं की ही दूध चोरती, सोडतच न्हाई.”

मी विचारलं, कधी चुकले नाहीत?

“वाट? ती कशाला चुकत्यात? स्वता म्हशी घिऊन आलते की.” मग त्यानं बिजलीपुढची वैरण सारखी केली. “श्रावणात यायचं बंद झालं. दोन दिस वाट बघितली, चार दिस बघितली. मग कारभारणीला म्हटलं, गेला माणूस. त्याशिवाय ऱ्हायचा न्हाय त्यो. ती रडली बी. तवाच गेलं न्हवं?”

मी काय सांगणार? हो म्हणालो. बिजलीच्या पाठीवर हात ठेवला, तिनं कातडी थरथरवून तो झटकला आणि मी जीप पकडून परत आलो. वहिनींना म्हणालो, बिजली बरी आहे, चांगली पोसली आहे. त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि माझ्यापुढे चहा ठेवला. बाकीचं सांगायला तोंड उघडलं नाही. शब्दांवर पोट भरलेला माणूस मी, पण ते मला त्यांच्यासमोर बोलता येणार नाही, म्हणून इथे लिहिलं. वहिनी दर रविवारी ही पुरवणी वाचतात.