दशरथभावजींच्या खिशातला गूळ

गिरणी बंद पडली आणि आमच्या शेजारचे दशरथभावजी रंगारी झाले. नाहूरच्या आमच्या चाळीत त्यांनी निम्मा रंग भिंतींना लावलाय, निम्मा स्वतःला. कोणाच्या बिऱ्हाडात काम चाललंय ते त्यांच्या मिशीवरून कळायचं. अंजनाबाईंच्या खोलीचा गुलाबी तर गणपतीपर्यंत मिशीत होता. मी ते चाळभर सांगून आले, नाही असं नाही.

पण माणूस मायाळू. नात मालन म्हणजे त्यांचा जीव. संध्याकाळी ते जिना चढले, की चार वर्षांची ती पोर पायांना मिठी मारायची आणि थेट सदऱ्याच्या खिशात हात घालायची. खिशात गूळ असायचा. गूळ खाल्ला की धूळ घशात राहत नाही, हा त्यांचा गिरणीतला विश्वास. काम करताना ते एक खडा तोंडात टाकत, उरलेला नातीला.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात तळमजल्यावरच्या बालवाडीचं काम त्यांना मिळालं. दारं-खिडक्यांवर हिरव्या ऑइल पेंटचे थरावर थर. बालवाडी चालवणाऱ्या अनुपमाबाईंनी आधीच बजावलं, "दादा, कोरडं खरवडू नका. पाणी मारून खरवडा, दाराला ओलं गोणपाट लावा, झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा. आणि पोरं आत नकोत. माझा भाऊ ट्रॉम्ब्याच्या अणुकेंद्रात असतो, तो म्हणतो जुन्या रंगात शिसं असतं. ती पूड पोटात गेली, तर पोरांच्या मेंदूला त्रास होतो."

"बाई, भिजवून खरवडूक दुप्पट वेळ लागता. जूनात शाळा उघडतली. आणि धुळीवर माझ्याकडे औषद आसा," म्हणत भावजींनी खिसा थोपटला.

"मग बालवाडीतल्या पोरांनाही गूळ वाटणार का?" मी विचारलं.

"वैनी, तुमका कोणी इचारल्यान?"

बाई गेल्या आणि त्यांनी कोरडंच खरवडलं. संध्याकाळी मी जिन्यातच होते. मालननं खिशातून खडा काढून तोंडात टाकला. खडा हिरवट दिसला.

"भावजी, आज गुळाला वेलची लावलीत काय?"

त्यांनी पाहिलं. दाराची पूड गुळाला चिकटली होती, लाडवाला तीळ चिकटावेत तशी. त्यांनी बोट घालून तिच्या तोंडातला खडा काढला, नळावर पुन्हा पुन्हा चुळा भरायला लावल्या. मग खिसा झटकायला गेले आणि थबकले. झटकला असता तर पूड तिच्याच तोंडावर गेली असती. सदरा तसाच बादलीत बुडवला.

"वैनी," ते हळूच म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मीच देत होतंय तिका."

माझ्याकडे थट्टा तयार होती. गिळली.

दुसऱ्या दिवशी अनुपमाबाईंबरोबर ते मालनला डॉक्टरांकडे घेऊन गेले. पोर ठीक दिसतेय, पण लक्ष ठेवा, एवढंच डॉक्टर म्हणाले. ते 'पण' भावजी बरेच दिवस घेऊन फिरत होते.

पुढचं सगळं काम त्यांनी भिजवून केलं. बालवाडी उशिरा उघडली. पोरांच्या आया कुरकुरायला आल्या, तर भावजीच ओल्या गोणपाटासमोर आडवे. त्यांतली सरूबाई म्हणाली, "रंगारी की हवालदार?" ते हलले नाहीत.

गुळाचा डबा आता माझ्या फळीवर असतो. संध्याकाळी मालन वरच्या पायरीवर हात पसरून उभी राहते आणि खाली नळाशी अंगाला साबण लावता लावता भावजी ओरडतात, "थांब गो, आजो अजून हिरवो आसा."