सगळ्या खोल्यांत एकच गाणं

घरात काही प्रश्न दिसला की मी एक वस्तू विकत घेते. हा माझा जुना दोष आहे आणि तो मला चांगला माहीत आहे, पण माहीत असून सुटत नाही. आईची नजर गेली तेव्हाही मी हेच केलं.

काचबिंदूने तिची नजर तीन-चार वर्षांत हळूहळू ओसरली. आता खिडकीतला उजेड कळतो, समोर कुणी आलं तर सावली कळते, बाकी काही नाही. वडील गेल्यावर मी तिला वारज्याला माझ्या रो-हाउसमध्ये घेऊन आले. मी एकटी राहणारी, घरूनच काम करणारी. दिवसभर कानांवर हेडफोन आणि एकामागून एक मीटिंगा. दुपारी आई तिच्या खोलीत नुसती बसलेली दिसायची. तिला सोबत हवी, असं मी ठरवलं. सोबत म्हणजे गाणी, हेही मीच ठरवलं. तिला विचारलं नाही असं नाही. "तुला बरं वाटत असेल तर कर," ती म्हणाली. पुण्यात याला होकार म्हणत नाहीत, पण मी तो सोयीने होकार धरला.

स्पीकर बसवणारा विश्रांतवाडीहून यायचा. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. प्रत्येक खोलीच्या मधोमध उभा राहून तो एक टाळी वाजवायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. मग पेन्सिलने छतावर गोल काढून, शिडीवर चढून पीओपीत तेवढंच भोक पाडायचा. पांढरा चुरा सगळ्या घरात झाला. आई दारात उभी राहून ऐकत होती.

"एकंदर किती भोकं पाडणार आहात?" तिने विचारलं.

"आठ, काकू. शिवाय बाहेर दोन स्पीकर."

"बाहेर कशाला? शेजाऱ्यांनी मागितलेत?"

मी तिला गप्प केलं. बाहेरचे दोन मला हवेच होते, कारण संध्याकाळी ती मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसायची. एक तिथे भिंतीवर लावला, दुसरा पुढे फाटकाजवळ. पावसात भिजले तरी चालतात, असं त्याने सांगितलं.

चौथ्या दिवशी काम संपलं. त्याने सगळीकडे एक गाणं लावलं आणि मला हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून पॅसेजमधून अंगणात चालायला लावलं. "आता सांगा मॅडम, आवाज कुठून येतोय?" मला सांगता येईना. तो पहिल्यांदाच हसला. "कळता कामा नये. खोली बदलली तरी गाणं तेवढंच राहिलं पाहिजे, तर काम चांगलं झालं." मी त्याला दुसऱ्यांदा चहा केला, इतकी मी खूश होते.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला मी फोनवरून गाणी सुरू करायची ती संध्याकाळी बंद करायची. भावगीतं, अभंग, नाट्यपदं, तिला आवडणारं सगळं. आणि आई खोलीबाहेर यायची थांबली.

आधी ती दिवसातून कितीतरी वेळा उठायची. स्वयंपाकघरात जाऊन पाणी घ्यायची, अंगणात जायची, कुणाचा हात न धरता. हात धरलेला तिला खपायचा नाही. "मी काही बोहल्यावर निघालेली नाही," असं म्हणून ती तो झटकायची. आता मात्र ताट खोलीतच आण म्हणू लागली. संध्याकाळी अंगणात चल म्हटलं तर गुडघे दुखतात म्हणायची. मी मनाशी म्हटलं, वय झालं, वडिलांची आठवण येत असेल. ती खुलावी म्हणून मी आवाज थोडा वाढवलासुद्धा. आज हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

दहाव्या दिवशी एक मीटिंग लवकर संपली. मी हेडफोन काढून बाहेर आले, तर आई पुढच्या दाराशी उभी. कुरिअरवाला येऊन गेल्यावर मी दार नीट लोटलं नव्हतं. एक तळवा चौकटीवर घट्ट दाबलेला, एक पाऊल उंबऱ्याबाहेर. त्यापुढे तीन पायऱ्या, आणि खाली फरशी.

"आई, थांब!"

"थांबलेच आहे मघापासून. हे कुठलं दार?"

"पुढचं."

"मला मागे जायचं होतं," ती म्हणाली. "तीन हाका मारल्या तुला."

मी तिला आत घेतलं. तिचा हात गार पडला होता, आणि या वेळी तिने तो झटकला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"फ्रिज घुरघुरतो तिथे डावीकडे वळायचं," ती म्हणाली, शाळेतल्या मुलीला समजावावं तसं. "हॉलमधल्या घड्याळाची टिकटिक मागे पडली की पॅसेज. मागच्या दाराशी पक्षी, पुढच्या दाराशी रिक्षा. सगळं बसवलं होतं मी. आता जाईन तिथे तीच बाई गातेय. आपण घरात कुठे आहोत हेच मला दहा दिवस कळलेलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"इतक्या हौसेने केलंस. मी काय म्हणणार?"

मी फोन काढून सगळं बंद केलं. दहाच्या दहा स्पीकर एकदम पुन्हा कधी लागले नाहीत. आता फक्त तिच्या खोलीतले दोन वाजतात, तेही ती सांगेल तेव्हा. गाणं थांबल्यावर फ्रिज मलाही ऐकू आला. तिने मान वळवली, हात सोडवून घेतला.

"तू जा अंगणात आणि तिथून बोलत राहा. मी येते आवाजावर."

मी मागे जाऊन कट्ट्यावर बसले.

"बोल," ती आतून म्हणाली.

"गोळी घेतलीस का?" मी विचारलं. "नाश्ता झाला ना नीट?"

"झाला. पुढे?"

पुढे काहीच नव्हतं. दिवसभर मी परदेशातल्या लोकांशी तासन् तास बोलते, आणि आईशी बोलायला माझ्याकडे दोन वाक्यं होती, ती संपली होती. तिच्याशी बोलावं लागू नये म्हणून मी घरभर स्पीकर बसवले होते. त्याला मी तिची सोबत म्हणत होते. मला रडू आलं.

"गप्प का झालीस? मी पॅसेजमध्येच उभी आहे."

"आई, मला काय बोलावं तेच सुचत नाहीये गं."

"मग तेच सांग," ती म्हणाली, "पण थांबू नकोस."