बिबड्यांवरचा उपास

जगातली भूक मिटवायची, असं आमच्या संस्थेच्या पत्रकावर छापलेलं आहे. संस्था म्हणजे जळगावातली आम्ही सात माणसं, बहुतेक निवृत्त. जग फार मोठं असल्याने सुरुवात धुळे जिल्ह्यातल्या एका गावापासून केली. धान्य वाटायचं नाही, माणसाला पायावर उभं करायचं, हे आमचं तत्त्व. भाषणं मी करायचो. मास्तर होतो, सवय होती.

पहिली निवड एका विधवा बाईची झाली. दोन मुली, आणि दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणं. तिला ज्वारीचे बिबडे, म्हणजे खानदेशी पापड, करून विकायचे होते. आम्ही मोठी पातेली, चूल आणि वाळवणाला पांढरं कापड दिलं. धुळ्याच्या एका दुकानदाराने वीस किलो मागितले. माल वेळेवर गेला तर वर्षभराचं काम, नाही तर पुन्हा कोयता.

मग आम्ही दर रविवारी पाहणीला जाऊ लागलो. आता खानदेशात वाळवणापाशी पाहुणा आला, की त्याला ओलसर बिबडा कच्च्या तेलाबरोबर द्यावाच लागतो, आणि पाहुण्यानेही नको म्हणायचं नसतं. आम्ही कोणी म्हटलंही नाही. डाळमिल चालवणारे आमचे शेठ तर चूल पेटण्याआधीच पोचायचे, म्हणजे बिबड्यांसाठी शिजवलेल्या पिठाचा गरम घाटाही मिळे. परतताना गाडीत आम्ही प्रकल्पाच्या यशाबद्दल बोलायचो.

आठवडा उरला आणि पाच किलो माल कमी भरला. मी तिला फोनवर जरा मास्तरकीच्या सुरात कारण विचारलं.  शेजारच्या अक्कांनी तिच्या हातून फोन घेतला.

"भाऊ, ते तुम्हीच खाई गयात ना."

 फोन परत घेऊन ती हळूच म्हणाली, "येत्या खेपले चतुर्थीले या, भाऊ. बठ्ठा जन या. हात लागतीन."

संकष्टीला आम्ही सातही जण हजर झालो. शेठ चतुर्थी करत नाहीत, पण एकट्याने खायची लाज वाटून त्यांनीही उपास धरला. बरोबर घेतलेली केळी पारोळ्याच्या आतच संपली होती. दिवसभर घाट्याला लसणाचा वास सुटलेला, आणि आम्ही ओल्या हातांनी कापडावर बिबडे थापतोय. माझे बिबडे कुठल्याच आकाराचे नव्हते. तिने ते मुकाट्याने पुन्हा सारखे केले. दुपारी शेठ कावळे हाकायला बसले आणि बसल्या बसल्या बिबड्यांकडेच बघत राहिले.

चारच्या सुमारास माझं पोट सगळ्यांना ऐकू येईल असं वाजलं.

"भूक लागनी का, भाऊ?" तिने विचारलं.

"लागली," मी म्हणालो.

ती कापडाची सुरकुती काढत म्हणाली, "तुम्हना उपास आज शे. मना मागला रविवारले व्हता."

मागल्या रविवारी मी चार बिबडे खाल्ले होते, आणि ती जेवली का, हे विचारलंही नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. शेठ उठले आणि माझ्या शेजारी बसून थापू लागले.

माल वेळेवर गेला. त्या दिवाळीनंतर ती ऊसतोडीला गेली नाही. आम्ही अजूनही तिच्याकडे पाहणीला जातो, फक्त चतुर्थीला, आणि आता भाषण कोणी करत नाही.