सुपडूभाऊंनी इंदूरला दिलेला शब्द

बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या आमच्या खोलीत लाईट असली की शेजारच्या पॉवरलूमचा खडखडाट, आणि लाईट गेली की अंधार. अभ्यासाला दोन्ही नडायचं. वडील त्याच लूमवर कामाला. लाईट गेली की त्यांची मजुरीही जायची. बारावीनंतर मी बी.ए.ला गेले, कारण गल्लीत कोणाला दुसरं काही असतं हेच माहीत नव्हतं. पण घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे आजही ताठ मानेनं सांगते.

पुढे बुऱ्हाणपुरातच एका कॉलेजच्या प्रवेश मदत केंद्रात नोकरी लागली. आता मुलं मोबाईलवरच सगळं उरकतात. तेव्हा एक कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा कूलर आणि जिन्यापर्यंत रांग. कोणी घरचे डाळ-बट्टीचे डबे उघडायचे, मलाही बळेच खायला लावायचे. ती गर्दी आता नाही. आठवली की करमत नाही.

त्या गर्दीत एकदा बहादरपूरचे सुपडूभाऊ आले. केळीचे बागायतदार. सोबत मुलगी कविता. कृषी प्रवेश परीक्षेत तिला मधला रँक होता. चॉईस फिलिंगचा शेवटचा दिवस.

चॉईस फिलिंग म्हणजे आपल्याला हवी ती कॉलेजं पसंतीच्या क्रमानं भरायची. पहिलं मिळालं नाही तर कॉम्प्युटर दुसरं पाहतो, मग तिसरं. लॉक केलं की बदलता येत नाही.

कवितानं एकच कॉलेज भरलं होतं. इंदूरचं.

"बाकीची?" मी विचारलं.

"नाही टाकायची," सुपडूभाऊ म्हणाले. "लॉक करून द्या मॅडम."

"अहो भाऊ, हिच्या रँकला इंदूर अवघड आहे. नाही मिळालं तर हातात काहीच राहणार नाही."

"मंग नशीब तिचं. दिवाळीनंतर तिला पाहायला पाहुणे येऊ राहिले, तिकडे पाहू."

कविता खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत होती. हळूच म्हणाली, "मॅडम, पप्पा मानतच नाहीत. मी कालपासून बोलू राहिली."

तेवढ्यात प्राचार्य डोकावले. "मॅडम, आपल्या बी.एस्सी.च्या सीटा रिकाम्या आहेत. मुलीला इथंच घ्या की."

"सर, तिला शेतकीच शिकायची आहे."

"मग आटपा लवकर. रांग पाहा."

मी सुपडूभाऊंना खुर्ची दिली. "का नाही टाकायची, ते तरी सांगा."

मग कळलं. गेल्या महिन्यात बापलेक इंदूरचं कॉलेज पाहायला गेले होते. तिथल्या एका सरांनी चहा पाजला, शेतं दाखवली आणि निघताना म्हणाले, "बिटिया को यहीं भेजना." सुपडूभाऊंनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "भेज दी."

आमच्या भागात केळीचा सौदा असाच होतो. व्यापारी बाग पाहतो, हातावर हात पडतो, विषय संपला. दुसऱ्या दिवशी कोणी जास्त भाव घेऊन आला तरी शेतकरी त्याला बागेत पाऊल ठेवू देत नाही. सुपडूभाऊंच्या हिशेबी दुसरं कॉलेज भरणं म्हणजे तोच फितूरपणा.

मी म्हटलं, "मंडीत लिलाव होतो ना? बोली सुटेपर्यंत माल कोणाचाच नसतो. हे तसंच आहे."

"लिलावाला नेतो तो माल वेगळा. ही माझी पोरगी आहे."

मागून कोणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, आमचा नंबर उद्या का?"

मी तर्क सोडला. त्यांच्याच रिवाजात शिरले. "भाऊ, सौदा झाल्यावर व्यापारीच म्हणाला, दुसऱ्यालाही दाखवा, तर?"

ते खुर्चीत पुढे सरकले. "मंग शब्द सुटतो. पण त्यानं स्वतः म्हणावं लागतं."

"सरांचा नंबर आहे?"

कवितानं लगेच फोन काढला. स्पीकर लावला. सरांना हे कोण, ते आठवेचना. सुपडूभाऊंनी चहा, शेतं, हात, सगळं सांगितलं. मग मी विचारलं, दुसरी कॉलेजं भरली तर चालेल का?

पलीकडून हसू आलं. "अरे भाईसाहब, सीट मेरे हाथ में थोड़ी है! सब भरिए, जितने भर सकें. बच्ची का साल क्यों खराब करते हैं?"

"तुम्हाला वाईट नाही वाटणार?" सुपडूभाऊंनी मराठीतच विचारलं.

"पप्पा, हिंदीत बोला!" कविता म्हणाली. आख्खी रांग हसली.

फोन ठेवल्यावर ते टोपी सारखी करत म्हणाले, "त्यानं सोडलं. भरा मॅडम, मंग इंदूरनंतर खंडवा टाका. घरी येता-जाता येईल."

खंडवा टाकलं, त्याखाली आणखी चार टाकली. लॉक केलं.

इंदूर मिळालं नाही. खंडवा मिळालं. दिवाळीनंतरचे पाहुणे आलेच नाहीत, कारण सुपडूभाऊंनी त्यांना बोलावलंच नाही.

या कामात मी एक गोष्ट शिकले. पालक अडून बसला की त्याला नियम समजावण्याआधी विचारावं, तुम्ही कोणाला शब्द दिलाय का. निम्मी कामं तिथंच अडलेली असतात. नियम तर भिंतीवरही लावलेले असतात.

कविता चार वर्षांत बी.एस्सी. ॲग्रिकल्चर झाली. आज ती शेतकऱ्यांना केळीवरच्या रोगांबद्दल सल्ला देण्याच्या नोकरीत आहे. सुपडूभाऊंच्या घरातली ती पहिली ग्रॅज्युएट.