जवायावर काढायचा राहिलेला राग

आमच्या घाटंजीत रागीट माणसं कमी नाहीत, उन्हाळाच तसा आहे. पण एसटीवाल्या देवरावची सर कोणाला नाही. मी त्याचा शेजारी, भिंतीला भिंत. त्याचा राग मला घरबसल्या फुकटात ऐकायला मिळतो, आणि खोटं कशाला सांगू, मला तो आवडतो. एकदा यवतमाळच्या गाडीत कडक इस्त्रीच्या कपड्यातल्या एका माणसानं म्हातारीला तिच्या गाठोड्यावरून हिडीसफिडीस केलं. देवरावनं भर रस्त्यात इंजिन बंद केलं आणि खाली उतरून बाभळीखाली जाऊन बसला. "तो बुढीची माफी मागत नाई तवरक गाडी पंक्चर समजा." शेवटी साऱ्या गाडीनं मिळून त्या बाबाला माफी मागायला लावली. डेपो मॅनेजर असो की पुढाऱ्याचा भाचा, देवरावनं कोणाला सोडलं नाही.

अशा माणसाचं तोंड जगात एकाच माणसापुढे बंद व्हायचं. तो म्हणजे त्याचा जवाई, गोपाल. जवायाला कोणी हिशेब विचारतं का?

गोपाल यवतमाळला एका विमा कंपनीत एजंट. देवराव रिटायर झाला, उन्हाळ्यात फंडाचे नि ग्रॅच्युइटीचे पैसे आले. पेन्शन येते ती किराण्यातच संपते. तेव्हा देवरावनं जवायाला साफ सांगितलं, "जवाईबापू, पोस्टात ठेवून द्या. दर तीन महिन्याले व्याज आलं पाहिजे. मायी अन् बुढीची भाकर त्यातच हाये."

"हो मामाजी," म्हणत गोपालनं कागद पुढे केले. त्यानं बोट ठेवलं तिथं देवरावनं सही केली. ब्रेक तपासल्याशिवाय ज्यानं जन्मात गाडी हलवली नाही, त्यानं कागद उलटूनही पाहिला नाही.

मे महिन्यात जाडजूड पाकीट आलं. आमच्या गल्लीतल्या विमलताई पोस्टाच्या एजंट, बायांच्या आरडी गोळा करतात. त्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"भाऊ, हे पोस्ट नोहे. हा विमा हाये. पैसा शेअर बाजारात लागते. अन् एकदाच नाई, एवढेच पैसे दरसाली भराचे हायेत."

"कुठून भरू? आता मले गाडी कोण चालवू देते?"

"पाकीट हाती आल्यापासून तीस दिवसांत वापस करता येते. मंग सारं अडकलं."

मला वाटलं, आता भडका उडतो. पण दारात त्याची बायको रुखमाबाई उभी होती. ती म्हणाली, "आपली वैष्णवी त्याच्या घरात नांदून राह्यली. जवाई धोंड्याच्या जेवणाले येनार हाये. तवरक एक शब्द काढाचा नाई."

यंदा जेठात अधिक महिना आला होता. अधिक महिना म्हणजे जवायाचा महिना, त्याला पुरणाचे धोंडे, अनारसे, कपडे, दिव्याचं ताट. त्या महिन्यात त्याला दुखवायचं म्हणजे पापच.

देवरावचा राग मग भलतीकडेच फुटू लागला. कूलरवर, मांजरावर, माझ्यावर. माझ्या लिंबाचा पाला त्याच्या अंगणात पडतो म्हणून लिंबाच्या सात पिढ्या उद्धरल्या. एका संध्याकाळी भिंतीवरून म्हणाला, "सांग, मी त्याले काहून नाई विचारलं?"

"आपल्यात जवायाले विचारत नाईत."

"मंग लुटू द्याचं?"

राग मलाही आला, अजूनही आहे. निरोप समारंभाला गळ्यात शाल पडते न पडते तोच हे पॉलिसी विकणारे लोक मागे फिरू लागतात. माणसानं उभी हयात उन्हात घालवलेली असते. आता ह्याच्या पोटापाण्याला काय लागेल, एवढं एक विचारायला यांची जीभ झडते?

धोंड्याचं जेवण ठरलं ते तीस दिवसांची मुदत संपायच्या आदल्या दिवशी. मलाही बोलावणं होतं. गोपाल पाटावर, कपाळाला कुंकू. दुसरा धोंडा तुपात बुडवत तोच बोलला, "मामाजी, बाजार जरा पडला हाये. घाबरू नका. लांब पल्ल्यात वाढतेच."

रुखमाबाईची तुपाची वाटी हातातच राहिली. "पडला म्हंजे? आपले पैसे कमी झाले?"

देवराव म्हणाला, "वाढत असन, जवाईबापू. जवान मानसाचा वाढत असन. तुमचा लावा. मायी लांब पल्ल्याची गाडी डेपोत लागली. मले दर तीन महिन्याले डिझेल पाहिजे. म्या पोस्ट सांगतलं होतं. हे कायले केलं?"

गोपाल ताटात बघत म्हणाला, "टार्गेट होतं, मामाजी. वाटलं, घरचं मानूस हाये, विचारनार नाई."

वैष्णवी वाढता वाढता थांबली. "मले तर सांगतलं, बाबाचे पोस्टात ठेवले म्हून."

देवराव उठला. मी ताट जरा मागे सरकवलं. पण त्यानं जवायाच्या खांद्यावर शेला टाकला, हातात दिव्याचं ताट दिलं, वर अनारसे ठेवले आणि म्हणाला, "झाला तुमचा मान. आता मोटारसायकल काढा. तुमच्या हापिसात चालू, पॉलिसी वापस कराले."

"मायं कमिशन कापतीन, मामाजी. सायबासमोर कसा उभा राहू? मामी, तुम्ही तरी सांगा."

रुखमाबाईनं वाटी खाली ठेवली. "जवाईबापू, गाडी काढा."

कपाळाचं कुंकू तसंच ठेवून गोपाल निघाला, मागे सासरा. महिनाभर कोंडलेलं सगळं देवरावनं घाटंजी ते यवतमाळ, एकही थांबा न घेता, त्याच्या कानात ओतलं. गोपालला हेल्मेटमुळे उत्तर देता आलं नाही, असं देवराव सांगतो. उत्तर होतं कुठं, असं मी म्हणतो.

बाजार पडला तेवढं आणि वरचा खर्च कापून पैसे परत आले, ते पोस्टात ठेवले. गोपाल त्यानंतर आलेला नाही. वैष्णवी एकदा एकटीच येऊन गेली, आणि ती गेल्यावर रुखमाबाई बराच वेळ दारातच बसून होती.

पहिलं व्याज जमा झालं त्या दिवशी देवरावनं पोस्टात बंद पंख्यावरून एवढं भांडण काढलं की आवाज रस्त्यावर आला. मी धावत जाऊन रुखमाबाईला सांगितलं.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "चाला. म्हंजे हे आता बरे झाले."