कॉमेंट्रीमामांचा घसा

कॉमेंट्रीमामांना गप्प बसता येत नसे. लग्नाची पंगत असो की रिक्षाची रांग, समोर जे चाललं असेल त्याचं वर्णन त्यांच्या तोंडून आपोआप सुरू व्हायचं. "वाढपी डावीकडून येतोय, हातात जिलेबी, पण नजर पलीकडच्या पंगतीवर!" लोक हसायचे. मामा म्हणायचे, "रेडिओवर माणूस जरा थांबला की ऐकणारा रेडिओचे सेल संपले का ते बघायला उठतो. ती धास्ती हाडात बसलीय."

गास गावच्या शेतकरी घरातला हा माणूस. घरी 'पानी', माइकसमोर स्वच्छ 'पाणी'. एकेकाळी रेडिओवर कबड्डीचं, क्रिकेटचं मराठी धावतं वर्णन करायचे. घरोघरी टीव्ही आला, रेडिओवरचे सामने आटले आणि मामा गावच्या मैदानांवर कर्ण्यातून बोलू लागले. मी माणिकपूरला साउंडचं दुकान टाकलं, तेव्हापासून त्यांचा माइक माझाच. मला ते 'शेठ' म्हणत, तेही मी कुणावर ओरडत असलो की मुद्दाम.

मग सामने मोबाइलवर लाइव्ह जायला लागले. कॅमेरावाली पोरं म्हणायची, "मामा, स्क्रीनवर दिसतंय ना सगळं, कशाला सांगत बसता?" मामा चिडत नसत, ते काम माझं. ते म्हणायचे, "अर्नाळ्याला बाई बोंबील टांगते तेव्हा फोन तिच्या कमरेला असतो, बाबा, ती नुसती ऐकते. तिला कोन दाखवणार?"

गेल्या हिवाळ्यात एका स्पर्धेत माझ्या हेडफोनमध्ये खरखर आली. मी वायर बदलली. खरखर तशीच. माइक नवा होता, म्हणून विकणाऱ्याच्या दुकानात जाऊन असा तमाशा केला की त्याने निमूटपणे दुसरा दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेवढ्यात एक पोरगा त्याच माइकवर हरवलेल्या चावीची सूचना द्यायला आला. त्याचा आवाज काचेसारखा स्वच्छ. बिघाड माझ्या सामानात नव्हता.

"मामा, घसा दाखवून घ्या!" मी ओरडलोच.

"फायनल होऊ दे, शेठ."

"फायनल गेली खड्ड्यात! आत्ता चला."

स्वरतंतूवर गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागेल, तोवर आणि त्यानंतरही काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही, आणि आवाज परत येईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मामी त्यांचा हात धरून बसल्या होत्या.

स्पर्धेच्या मंडळाने काय केलं? त्याच संध्याकाळी मामांचं नाव फलकावरून उतरवलं आणि दुसरा बोलणारा आणला. घरी जाऊन कसे आहात विचारायलाही कुणाला सवड झाली नाही. मी अध्यक्षांना मैदानातच धरलं. "इतकी वर्षं मामांच्या आवाजावर गर्दी जमवलीत ना?" ते म्हणाले, "तुम्ही उगाच तापता." हो, तापतो. अजूनही तापतो.

ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. आवाजाचं मात्र कुणी काही सांगेना. मी रोज जाऊन बसायचो. टीव्हीवर सामना लागला की मामांचे ओठ हलायचे आणि मामी डोळे वटारायच्या. बोलायची परवानगी मिळाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर मामा अजून गप्पच. मामी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कालपासून सांगते, बोला हो. घाबरलेत. मला तरी कुठं धीर आहे?"

त्या चहा टाकायला आत गेल्या. आतून नेहमीसारखा आवाज आला, "साखर पुरे का हो?"

"पुरे," मामा म्हणाले.

त्यांचं त्यांनाही आधी कळलं नाही. आत भांडं खाली पडलं आणि मामी तिथेच रडायला लागल्या, आनंदाने. आवाज आला होता. फाटका, नुसत्या वाऱ्यासारखा, पण आला होता.

मामा मात्र माझ्याकडे बघत होते. काय विचारायचंय ते मला समजलं. असा आवाज उचलणारं यंत्र माझ्या दुकानात नाही, कुणाच्याच दुकानात नाही. खोटं बोलून मी आयुष्यात बराच माल खपवला आहे. त्या दिवशी जमलं नाही.

"माइकवर नाही चालणार, मामा."



"बरं," ते त्याच आवाजात म्हणाले. "आत जा, तिला आधी पानी दे."