चार मिनिटांचा अंधार

चार बोटे वर करून शेजारच्या बाई माझ्या फाटकाशी उभ्या राहत. "काका, चारच मिनिटं." नमस्कार नाही, प्रस्तावना नाही.

वाचकहो, अशी माणसे आपणही पाहिली असतील. यांचे काम आकाशाचे, म्हणून शेजाऱ्याने अंधारात बसावे. अलिबागच्या न्यायालयात कारकुनी करून मी सुपारीच्या वाडीत परतलो, तो शेजारच्या गच्चीवर यांची घुमटाखालची दुर्बीण. ग्रामपंचायतीची परवानगी कोठे आहे, असे विचारणारी सात पत्रे मी दिली. प्रत्येकाच्या स्थळप्रतीवर त्यांनी सही करून पोच दिली. उत्तर एकाचेही नाही.

त्यांचे म्हणणे असे: रात्री चार मिनिटे उपग्रह डोक्यावरून जातो आणि प्रकाशकणांची जोडी सोडतो. एक कण येथे, दुसरा शेकडो मैलांवरच्या डोंगरावर. येथे मोजले की तेथले उत्तर याच्याशी जुळते. माझ्या कुंपणावरच्या हॅलोजनच्या उजेडात मात्र त्यांचा कण हरवतो.

"म्हणजे निरोप जातो?"

"निरोप नाही जात, काका. नुसतं जुळतं."

"मग उपयोग काय?"

"चोरता येणार नाही अशी एक चावी दोन्हीकडे तयार होते."

"ती माझ्या सुपारीला लावा, मग दिवा घालवतो."

त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

"चार मिन्टांत कोन सुपारी नेतंय, तात्या?" आमचा गडी मध्येच म्हणाला. त्याला मी गप्प केले. दिवा घालवणे ही सवलत आहे, आणि सवलतीस लेखी अर्ज लागतो.

तो त्यांनी दिला एकदाच, शेवटच्या संध्याकाळी. उद्यापासून ढग, आणि ढग सरण्याआधी प्रकल्पाची मुदत संपते, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. खाली सही नव्हती. माझ्या सात पत्रांवर सही करणाऱ्या बाई स्वतःच्या अर्जावर विसरल्या. मी तांबड्या शाईने 'त्रुटीसह परत' असा शेरा मारून गड्याला पाठवले.

गडी अर्ज घेऊनच परतला. "बाई वर दुर्बिनीपाशी हायत. हाक मारली, तर नुसती चार बोटं दाखवली."

हॅलोजन जळत होता. नियमाने जळत होता.

आठवड्याभरात घुमट उतरला. बाई गेल्या, पत्ता ठेवला नाही, हाही बेजबाबदारपणाच. परवानगीचा मुद्दा मी सोडलेला नाही; आठवे पत्र तयार आहे.

अर्ज फायलीत आहे. सहीची जागा कोरी आहे. त्रुटी दूर करण्याची मुदत मी माझ्या अधिकारात वाढवून दिली आहे.